शॉक भार वाहत नाही

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून ओतूर, माळशेज घाट आणि मुरबाड या वाटेने नित्य कल्याण गाठणाऱ्या माझ्या पिकअपचे मूळचे शॉक जेव्हा तेलाने ओले दिसू लागले, उतारावर ब्रेक दाबताच गाडीचे तोंड खाली झुकू लागले आणि टायरवरून हात फिरविताना जागोजाग खळगे लागू लागले, तेव्हा ते बदलण्याची तजवीज मी तत्परतेने केली. परंतु गाडी थोडा अधिक माल सोसेल या लोभाने मागील चाकांना मूळच्याहून जाड व लांब शॉक बसविले, आणि तेथेच चुकलो.

रिकामी गाडी उत्तम चालली. मात्र पावसाळ्यातील एका पहाटे, भरल्या गाडीचे चाक घाटाखालच्या खड्ड्यात आदळले, पाटे दबले, आणि आस रबरी ठोकळ्यावर टेकण्यापूर्वीच तो लांब शॉक पूर्णपणे मिटल्यामुळे सारा आघात त्याच्यावर येऊन चेसिसवरील त्याची पकड जोडापासून उखडली. दिवसभर गाडी रस्त्याकडेला उभी राहिली आणि एका शेतकऱ्याचा विश्वासाने सोपविलेला माल माझ्या हातून नासला, याचे शल्य दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक आहे.

भार वाहतात ते पाटे. शॉकमधील दट्ट्या तेलाला सूक्ष्म छिद्रांतून रेटून पाट्यांच्या आंदोलनाचे उष्णतेत रूपांतर करतो, एवढेच त्याचे कार्य. म्हणून नवा शॉक गाडीच्या मॉडेलास अनुरूप असल्याची खातरजमा करावी. त्याची मिटलेली लांबी, आस ठोकळ्यास टेकलेली असताना दोन्ही पकडींत उरणाऱ्या अंतराहून कमी, आणि उघडलेली लांबी, चाक अधांतरी लोंबताना होणाऱ्या अंतराहून अधिक असावी. एका आसाचे दोन्ही शॉक एकाच वेळी बदलावेत. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडावे, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली न शिरता घोड्या लावाव्यात. निव्वळ तेलाचा शॉक असल्यास बसविण्यापूर्वी तो उभा धरून काही वेळा पूर्ण दाबावा व उघडावा, म्हणजे आतील हवा निघते. त्याच्या चकचकीत दांड्यास पक्कड कदापि लावू नये. एवढासा ओरखडाही सील कापतो आणि गळती सुरू होते. रबरी बुशांतून जाणारे बोल्ट अखेरचे आवळावयाचे ते चाके जमिनीवर टेकून गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यानंतरच. एरवी बुश कायमचे पिळलेले राहून अकाली फाटतात.

पुढे योग्य मापाचे शॉक घातले. आता खड्ड्यातून बाहेर पडताच गाडी एकदा हलते आणि स्थिर होते. क्रेट मात्र आर.सी. बुकात नोंदलेल्या वजनाच्या हिशेबानेच भरतो, कारण कोणताही शॉक ती मर्यादा तिळभरही वाढवीत नाही.