‘किस्तना’ : युद्धनौकेची ज्ञानसेवा

विंचूरपासून समुद्र दूर आहे. परंतु तेथील कांद्याला आणि द्राक्षाला जगविणारे पावसाचे पाणी नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरूनच आणतात. हे वारे पुरेसे बाष्प का आणतात आणि कधी का आणीत नाहीत, हे जाणण्यासाठी समुद्राचाच अभ्यास करावा लागतो.

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेचे नाव धारण करणारी ‘किस्तना’ ही युद्धनौका १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये बांधली गेली. महायुद्धानंतर ती स्वतंत्र भारताच्या नौदलात राहिली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६२ ते १९६५ या काळात तिच्यावरून शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या खोलीवरील पाण्याचे तापमान व क्षारता मोजली, तसेच प्लवकांचे नमुने गोळा केले. याच मोहिमेसाठी १९६३ मध्ये मुंबईत कुलाबा येथे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र स्थापन झाले. पुढे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अस्तित्वात आली. तिचे मुख्यालय गोव्यात आहे.

१९९४ मध्ये सेवेत आलेल्या ‘सागरध्वनी’ या संशोधन नौकेने २०१९ मध्ये ‘किस्तना’च्या जुन्या मार्गांवरून पुन्हा निरीक्षणे घेण्याचा उपक्रम हाती घेतला. समुद्रात झालेला बदल जुन्या नोंदींशी ताडूनच कळतो. गावच्या पर्जन्यमापकाची नोंद रोज नेमाने ठेवण्याचे महत्त्वही हेच आहे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ते विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे.