पांजरपोळाची दुरुस्ती

आपल्या घराची दुरुस्ती काढायची झाली म्हणजे घरातील सारी माणसे एकत्र बसतात. आई म्हणते, स्वयंपाकघरात उजेड कमी पडतो. आजी म्हणते, न्हाणीघरात पाय घसरतो. मुलांना अभ्यासाला कोपरा हवा असतो. प्रत्येकजण आपली अडचण सांगतो आणि त्याप्रमाणे कामाची यादी होते. परंतु ज्या घरातील रहिवाशांना बोलताच येत नाही, त्या घराची दुरुस्ती कशी करावी? हा प्रश्न माझ्यापुढे एकदा उभा राहिला होता. त्याचे पहिले उत्तर मी चुकीचे दिले. ती हकिकत आज तुम्हांला सांगतो.

म्हातारी, भाकड, अधू आणि बेवारशी जनावरे जेथे सांभाळली जातात, त्या जागेला पांजरपोळ म्हणतात. आपल्याकडे ही संस्था फार जुनी आहे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मोठा दंगा झाला. त्यानंतर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पुढाकार घेतला आणि १८३४ साली मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. अशीच लहानमोठी पांजरपोळे पुढे गावोगावी दिसू लागली.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होतो. तेथील पांजरपोळाच्या समितीचे चिटणीसपद माझ्याकडे होते. गोठा जुना झाला होता. गावकऱ्यांनी वर्गणी दिली आणि चार लक्ष रुपये जमले. अंदाजपत्रक करण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले. मी एका रात्रीत कागद तयार केला. प्रवेशद्वारावर दगडी कमान, दीड लक्ष. कार्यालय व रंगकाम, साठ हजार. छपराची दुरुस्ती, एक लक्ष वीस हजार. आणि उरलेल्या सत्तर हजारांत जमीन जमेल तशी. बेरीज बरोबर चार लक्ष आली. मी स्वतःवर खूष झालो.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी पांजरपोळाच्या म्हाताऱ्या राखणदाराला वाचून दाखवला. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, कमान चांगलीच दिसेल. पण एकदा पावसात पहाटे येऊन बघा."

आषाढ चालू होता. मी सातवीच्या वर्गातील काही मुले बरोबर घेतली आणि पहाटेच गोठ्यावर गेलो. आत पाऊल टाकताच माझाच पाय घसरला. वर्षानुवर्षे खुरांनी घासून फरशी गुळगुळीत झाली होती. उतार नसल्यामुळे मूत आणि पाणी जागच्या जागी साचले होते. राखणदाराने दोन गाईंचे पाय उचलून दाखवले. सतत ओलीत राहून खुरे मऊ पडली होती आणि बेचक्यात जखमा झाल्या होत्या.

मुलांनी टेप धरून गोठा मोजला. लांबी २० मीटर, रुंदी ६ मीटर. म्हणजे १२० चौरस मीटर. एका मोठ्या जनावरास छपराखाली निदान साडेतीन चौरस मीटर जागा लागते, हे मी पुस्तकात वाचले होते. मुलांनी भागाकार केला. उत्तर आले चौतीस. जनावरे होती चाळीस.

तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग उरलेली सहा कुठे उभी राहतात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. राखणदाराने हाताने अंगणाकडे खूण केली. भिंतीच्या आडोशाला सहा गुरे पावसात भिजत उभी होती. "दांडगी गुरे आत शिरतात आणि अशक्त असतील ती बाहेर राहतात," तो म्हणाला. "गेल्या श्रावणात एक म्हातारा बैल असाच बाहेर राहिला. सकाळी आत घेताना फरशीवर घसरला, तो पुन्हा उठला नाही."

परत येताना कोणी बोलले नाही. चिटणीस म्हणून मी त्या पांजरपोळात अनेकदा गेलो होतो. पण दर वेळी कार्यालयात बसून, चहा घेऊन परत आलो होतो.

त्या संध्याकाळी मी जुना कागद फाडला आणि मुलांसह नवे अंदाजपत्रक केले. आरंभी आम्ही रकमा लिहिल्याच नाहीत. आधी गरजा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवला: हे काम न केल्यास कोणाला इजा होईल? ज्या कामापुढे जनावराचे नाव आले, ते वर गेले. ज्या कामापुढे कोणाचेच नाव आले नाही, ते खाली गेले. त्यानंतर मोजमाप घेतले, गवंडी आणि सुतार यांच्याकडून दर मागवले आणि मापास दराने गुणले. आकडे लक्षात राहावेत म्हणून येथे ते गोल करून देतो.

गोठ्याची जमीन १२० चौरस मीटर, दर ७०० रुपये: ८४,००० रुपये. कोबा खरखरीत ठेवून त्यात खाचे पाडायचे आणि गव्हाणीकडून नालीकडे चाळिसास एक असा उतार द्यायचा, असे ठरले. म्हणजे दोन मीटर लांबीत पाच सेंटिमीटर उतार. एवढ्याने पाणी वाहून जाते आणि जनावरालाही उभे राहताना त्रास होत नाही. दोन्ही रांगांमागे मिळून ४० मीटर नाली, दर ६०० रुपये: २४,०००. छपराची दुरुस्ती: १,२०,०००. बाहेर राहणाऱ्या सहा जनावरांसाठी ७ मीटर लांब व ३ मीटर रुंद पडवी, म्हणजे २१ चौरस मीटर, दर ३,००० रुपये: ६३,०००. पाण्याचा नवा हौद: ३०,०००. भिंतींची डागडुजी व चुन्याची सफेदी: २०,०००.

आम्ही थांबणार, तोच दुसऱ्या एका मुलाने शंका काढली, "काम चालू असताना गुरे कुठे ठेवायची?" ही गोष्ट आम्ही साफ विसरलो होतो! गोठ्याचे काम अर्धे अर्धे करावे, ते दिवाळीनंतर सुरू करून पावसाळ्यापूर्वी संपवावे, आणि तोवर निम्म्या गुरांसाठी तात्पुरता मांडव घालावा, असे ठरले. मांडवाचे १९,००० रुपये धरले. एकूण खर्च ३,६०,००० झाला. उरलेले ४०,००० रुपये, म्हणजे एकूण रकमेचा दहावा हिस्सा, आकस्मिक खर्चासाठी राखून ठेवले.

समितीच्या बैठकीत मोठा वाद झाला. एका सभासदांनी विचारले, "कमान नाही, तर देणगीदारांची नावे कोठे कोरायची?" प्रश्न अयोग्य नव्हता, लोकांनी विश्वासाने पैसे दिले होते. शेवटी नावे हौदाच्या भिंतीवर लिहावीत असे ठरले. शिल्लक ठेवलेल्या चाळीस हजारांविषयीही काहींची कुरकुर होती. "पैसा आहे तर पडून का ठेवायचा?" असे ते म्हणत.

त्याचे उत्तर माघ महिन्यात मिळाले. कौले उतरवली, तेव्हा मधली तुळई वाळवीने पोखरलेली निघाली. वरून ती धडधाकट दिसत होती. नवी तुळई, मजुरी आणि वाहतूक मिळून २८,००० रुपये लागले. ते हाताशी नसते, तर उघड्या छपराखाली काम थांबले असते आणि पुढचा पावसाळा गुरांच्या डोक्यावर आला असता.

पुढच्या आषाढात मी त्याच मुलांना घेऊन पहाटे तेथे गेलो. बाहेर धो धो पाऊस पडत होता. अंगण रिकामे होते. एक म्हातारी गाय कोरड्या जमिनीवर निवांत बसून रवंथ करत होती. राखणदाराने मुलांना जवळ बोलावले, गाईचा पाय हलकेच उचलला आणि भरलेली जखम दाखवली.

प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे भारतीय नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे; १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने ते संविधानात लिहिले गेले. परंतु दया मनात असली, तरी ती कागदावर मोजून मांडावी लागते. माझ्या पहिल्या कागदाची बेरीज चुकली नव्हती. चुकला होता तो क्रम.

मी ते गाव सोडले, तेव्हाही पांजरपोळाला कमान झालेली नव्हती.

स्वाध्याय

१. लेखकाचे पहिले अंदाजपत्रक बेरजेत बरोबर असूनही चुकीचे का ठरले?
२. "मग उरलेली सहा कुठे उभी राहतात?" या प्रश्नाने काय साधले?
३. आकस्मिक खर्चातून तुळईचा खर्च वजा जाता किती रुपये उरले? ते तुम्ही कशासाठी वापराल? कारण सांगा.
४. तुमच्या शाळेतील एखाद्या दुरुस्तीच्या कामाचे मोजमाप घ्या आणि अंदाजपत्रक तयार करा. कामांचा क्रम कसा ठरवला, ते पाच वाक्यांत लिहा.