कासव आणलंस ना, आता ऐक

मिनू, कासवाचं पिल्लू आणलंस म्हणे, दहाच्या नाण्याहून जेमतेम मोठं. मी नको म्हणेन हे ठाऊक होतं, म्हणूनच आधी विचारलं नसशील. असो. आलं आहे तर नीट नांदू दे.

१. आधी डोळ्यामागे बघ. लाल पट्टा असेल तर ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेचं, पाण्यात राहणारं — ठाणे-डोंबिवलीच्या दुकानांत ‘कासव’ म्हणून देतात ते बहुतेक हेच.

२. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतील तर मात्र ते आपलं स्टार कासव. ते लपवू नकोस, वनखात्याला १९२६ वर कळव — १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते विकणंही गुन्हा आणि पाळणंही. लक्ष्मीसाठीच हवं असेल तर पितळेचं आण, त्याला आजारपण नाही.

३. स्लायडरच निघालं तर प्लॅस्टिकच्या माडाचा तो इवलासा डबा पेनं ठेवायला घे आणि रुंद टब आण. पाणी निदान त्याच्या पाठीच्या रुंदीएवढं खोल हवं — उथळ पाण्यात उताणं झालं तर सुलटं होता येत नाही.

४. चढता येईल असा एक दगड पाण्याबाहेर ठेव — अंग पूर्ण वाळलं नाही तर कवच कुजतं. तळाशी बारीक खडे नकोत, कासवं ते गिळतात.

५. रोज सकाळी थोडा वेळ कोवळं ऊन दे, खिडकीची काच उघडून — हाडं आणि कवच घट्ट करणारे किरण काचेतून आत येत नाहीत. अर्धा टब सावलीत असू दे, आणि वर जाळी टाकल्याशिवाय गॅलरीत ठेवून आत जाऊ नकोस. कावळा टपलेलाच असतो.

६. जूनपासून आपल्याकडे ऊन कुठलं? तेव्हा तेच किरण देणारा यूव्हीबी दिवा लाव, आणि तो सहा महिन्यांनी ते वर्षभरात बदल — उजेड पडत राहतो, पण कामाचे किरण संपलेले असतात. कासवाला घाई नसते आणि त्याच्या दुखण्यालाही नसते. कवच मऊ लागेपर्यंत महिने गेलेले असतात.

७. डिसेंबर-जानेवारीत माशांच्या टाकीचा छोटा हीटर लाव, पाणी २५ ते २८ अंश राहू दे — गारठलं की खाणं सोडतं.

८. नुसत्या वाळक्या कोळंबीवर ठेवू नकोस, डोळे सुजतात. कासवांसाठीचे दाणे, कधी गांडूळ, हळूहळू हिरवा पाला. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस पाण्यात टाक — त्यातून कॅल्शियम मिळतं. घरातलं सुकट मात्र नको, खारट असतं.

९. त्याच्या डोक्याएवढंच खायला, तेही वेगळ्या भांड्यात. उरला घास, उद्याचा वास.

१०. नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवून मगच घाल — पावसाळ्यात तर क्लोरीन नाकाला कळतोच.

११. पहिला आठवडा सोसायटीतल्या पोरांना दाखवत फिरू नकोस. दोन-चार दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नकोस — ते आधी घर बघतं, मग ताट.

१२. हात लावलास की साबणाने धू, टब स्वयंपाकघरात घासू नकोस — साल्मोनेलाचे जंतू कासव निरोगी दिसतानाही देतं. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली, पोरं आजारी पडत म्हणूनच.

१३. कासवं बघणारा डॉक्टर आजच शोधून ठेव, कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर ती बघत नाही. एका अंगावर कलून पोहायला लागलं, नाकातोंडातून बुडबुडे आले, की उद्यावर टाकू नकोस — बहुधा न्यूमोनिया असतो. नेताना पाण्यात नाही, भोकं पाडलेल्या डब्यात ओल्या फडक्यावर. आणि जमलं तर दुपारच्या लोकलने, डोंबिवलीची सकाळ माणसालाच झेपत नाही.

१४. कंटाळा आला म्हणून मासुंदा तलावात किंवा काळ्या तलावात सोडायचं नाही — जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत या स्लायडरचं नाव आहे, आपल्या कासवांचं खाणं नि जागा बळकावतं. मादी फूटभर होते आणि नीट ठेवलं तर २०-३० वर्षं सहज जगते, तेव्हा पुढे स्थळं बघताना हेही पहिल्याच भेटीत सांगून टाक.