गुलाबाची मान का पडते?

प्रश्न : आमच्या भागातल्या पॉलिहाऊसमधून ताजे गुलाब आणते. फुलदाणीत भरपूर पाणी असूनही दुसऱ्याच दिवशी कळीची मान वाकते. असे का? – एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : पाणी फुलदाणीत असते, कळीपर्यंत पोचत नाही. पानांतून बाष्प बाहेर पडते, त्या ओढीने देठातल्या बारीक जलवाहिन्यांतून पाणी वर चढते. दांडा कापला की ही ओढ हवा आत खेचते. एक बुडबुडा अडकला की ती वाहिनी बंद. उरलेल्या वाहिन्यांची तोंडे शिळ्या पाण्यातले जिवाणू बुजवतात. फुलाखालचा देठ कोवळा असतो, तो पाण्याच्या दाबावरच ताठ राहतो. म्हणून आधी तिथेच वाकतो.

मावळात पावसाळ्यात आणखी एक भर पडते. सतत दमट हवेत वाढलेल्या गुलाबाची पर्णरंध्रे गरजेच्या वेळीही नीट मिटत नाहीत. घरातल्या कोरड्या हवेत अशी पाने पाणी गमावतच राहतात. यात शेतकऱ्याचा हलगर्जीपणा नसतो.

घरी आणल्यावर दांड्याचे टोक पाण्यात बुडवूनच धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापा. पाण्याखाली येणारी पाने काढा. पाण्यात थोडी साखर घातलीत तर लिंबाचे थेंबही घाला. नुसत्या साखरेवर जिवाणूच पोसतात. पिकलेल्या केळ्यांजवळ फुले ठेवू नका, त्यांतला इथिलीन वायू पाकळ्या लवकर गाळतो. मान नुकतीच वाकली असेल, तर दांडा पुन्हा कापून कागदात सरळ गुंडाळा आणि खोल पाण्यात काही तास उभा ठेवा. बहुतेक फुले सावरतात.