मेंढरांच्या नाकांतील माशी व शेतकऱ्याचा डोळा

पावसाळा सरला म्हणजे देशावरील धनगर आपले कळप घेऊन घांट उतरतात, आणि भात कापून मोकळ्या झालेल्या कोंकणांतील शेतांत मेंढरें बसवितात. शेतास लेंडीखत मिळतें, कळपास चारा मिळतो. हा व्यवहार उभयपक्षीं हिताचा आहे. तथापि मेंढरांच्या आश्रयानें राहणाऱ्या एका माशीची ओळख प्रत्येक शेतकऱ्यास असणें अवश्य आहे.

या माशीस ‘ईस्ट्रस ओव्हिस’ हें शास्त्रीय नांव लिनियसनें १७५८ सालीं दिलें. ती करड्या रंगाची व मधमाशीएवढी असते. ती अंडीं घालीत नाहीं. उडतां उडतांच जिवंत अळ्या मेंढीच्या नाकपुडीपाशीं फेंकते. त्या नाकाच्या पोकळींत वाढतात, शिंकेबरोबर बाहेर पडून मातींत कोश करतात, व त्यांतून नवी माशी निघते.

क्वचित् ही माशी मनुष्याच्या डोळ्यांतच अळ्या टाकते. प्रथम डोळ्यावर कांहीं आपटल्याचा भास होतो. कांहीं तासांत डोळा लाल होतो, पाणी गळूं लागतें, व आंत वळवळ जाणवते. अळी पांढुरकी व सुमारें १ मिलिमीटर लांबीची असून उजेड टाळून पापणीखालीं दडते. त्यामुळें ‘डोळे आले’ असाच समज होतो. मनुष्याच्या डोळ्यांत तिची पूर्ण वाढ होत नाहीं. परंतु तिच्या तोंडाच्या आंकड्यांनीं बुबुळावर ओरखडे पडतात, आणि क्वचित् ती आंत शिरल्यास दृष्टीच धोक्यांत येते.

जनावराच्या जखमेंत किडे पडले म्हणजे आपण टर्पेंटाईन घालतों. डोळ्यांत तें कदापि घालूं नये. चुना, तंबाखूचें पाणी वा झाडपाल्याचा रसही नको. डोळा न चोळतां स्वच्छ पाण्यानें धुवावा व त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील सरकारी रुग्णालयाची सेवा नव्या इमारतीच्या कामामुळें २०२३ सालीं अन्यत्र हलविण्यांत आली. तेव्हां निघण्यापूर्वीं नेत्रविभागाची चौकशी करावी. आपला मेंढरांत वावर होता हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. ते बधिर करणारे थेंब घालून चिमट्यानें एकेक अळी काढतात. एखादी मागें राहूं शकते, म्हणून पुन्हां तपासणी चुकवूं नये.

कळपांत काम करतांना साधा चष्मा वापरावा, आणि मेंढरांस पशुवैद्याकडून आयव्हरमेक्टिन देण्याविषयीं धनगर बंधूंस सुचवावें. मेंढरांचें नाक स्वच्छ राहिलें, तर माणसाचा डोळाही सुरक्षित राहील.