अनधिकृत शाळा, दहावीचे प्रमाणपत्र आणि पदवीचे श्रेयांक

पुणे-नाशिक महामार्गालगतच्या नारायणगाव, आळेफाटा, मंचर या बाजारगावांभोवती इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा वाढत गेल्या आहेत. जिल्हा परिषदेने जाहीर केलेल्या अनधिकृत शाळांच्या यादीत आपल्या मुलाच्या शाळेचे नाव दिसले की जुन्नर-आंबेगावातील पालकाला सर्वांत आधी धास्ती वाटते ती पुढच्या महाविद्यालयीन प्रवेशाची. ही धास्ती समजण्यासारखी असली तरी बहुतेक वेळा ती चुकीच्या जागी असते. कारण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ प्रथम वर्षाच्या प्रवेशासाठी पात्रता ठरवते ती मान्यताप्राप्त मंडळाच्या बारावीच्या प्रमाणपत्रावरून, आणि विद्यार्थी तिसरी किंवा सहावी कोणत्या शाळेत शिकला, याची चौकशी त्या टप्प्यावर होत नाही.

येथे तीन संज्ञांची गल्लत टाळली पाहिजे. शासनाने शाळा चालवण्यास दिलेली परवानगी म्हणजे मान्यता. एखाद्या मंडळाने किंवा विद्यापीठाने आपल्या परीक्षेस विद्यार्थी बसवण्याचा त्या संस्थेला दिलेला अधिकार म्हणजे संलग्नता. आणि 1994 साली स्थापन झालेली ‘नॅक’ ही संस्था महाविद्यालयाची गुणवत्ता तपासून जी श्रेणी देते ते मूल्यांकन. पदवी विद्यापीठाची असते, त्यामुळे संलग्न महाविद्यालयाला नॅकची श्रेणी नाही एवढ्या कारणाने तेथील पदवी बाद ठरत नाही. याउलट मान्यता आणि संलग्नता नसलेल्या संस्थेची इमारत कितीही देखणी असली तरी तिने दिलेला कागद पुढे चालत नाही.

शालेय वयात झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 18 नुसार मान्यतेविना शाळा चालवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ही शिक्षा संस्थाचालकाला आहे, मुलाला नाही. कलम 4 प्रमाणे शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, तर कलम 5 प्रमाणे दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. त्यामुळे जुन्या शाळेने थकलेल्या फीसाठी दाखला अडकवून ठेवला असेल, तर पालकाने तिच्या दारात खेटे घालण्यापेक्षा जुन्नर किंवा घोडेगाव येथील पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. या कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच असल्याने शाळा बदलायची झाल्यास आठवी संपण्यापूर्वी बदललेली बरी.

खरा धोका नववी-दहावीत असतो. काही संस्थांना आठवीपर्यंतचीच मान्यता असते, वरचे वर्ग त्या तशाच चालवतात आणि दहावीला मुले दुसऱ्याच शाळेच्या नावावर बसवतात. ‘सीबीएसई पॅटर्न’ या पाटीचा अर्थ फक्त पुस्तके त्या धर्तीची आहेत एवढाच होतो, मंडळाची संलग्नता आहे असा होत नाही. यासाठी पालकांनी शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन नीट वाचावा. त्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक, शाळेचा मान्यता क्रमांक आणि अकरा आकडी यू-डायस क्रमांक असला पाहिजे, आणि पुणे जिल्ह्यातील शाळेचा हा क्रमांक 2725 ने सुरू होतो. दाखला एका शाळेचा आणि क्रमांक दुसरीचा, असे आढळल्यास तो प्रश्न दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच सोडवावा.

ज्यांची ती वेळ निघून गेली आहे त्यांनाही दोन वाटा मोकळ्या आहेत. पहिली राज्य मंडळाच्या 17 नंबर फॉर्मची, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेस बसण्याची. तीत वयाच्या व मागील शिक्षणाच्या अटी असून शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजेच एनआयओएसची. तेथे चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीसाठी नाव नोंदवता येते, पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि मान्यताप्राप्त मंडळात आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण सोबत आणता येतात. शालेय पातळीवरील श्रेयांक हस्तांतरण, म्हणजे एकीकडे मिळवलेले यश दुसरीकडे जमा धरणे, ते हेच. आणि ‘मान्यताप्राप्त मंडळात’ ही अट येथेही सुटलेली नाही.

पदवीच्या पातळीवर ही अट अधिक कडक होते. सुमारे पंधरा तासांच्या अध्यापनाला किंवा तीस तासांच्या प्रात्यक्षिकाला एक श्रेयांक, अशा हिशेबाने विद्यार्थ्याची कमाई 2021 साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा होते, ती जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येते आणि मंचरच्या महाविद्यालयात एक वर्ष शिकून शिक्षण थांबवलेल्या मुलीला पुढे ते पुन्हा सुरू करता येते. परंतु या बँकेत श्रेयांक भरण्याचा अधिकार नोंदणीकृत, मान्यताप्राप्त संस्थांनाच आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत एखाद्या गाळ्यात चालणाऱ्या, कोणत्याही परिषदेची किंवा मंडळाची मान्यता नसलेल्या ‘पॅरामेडिकल’ पदविकेची दोन वर्षे विद्यापीठ कोणत्याच मार्गाने जमा धरू शकत नाही, आणि या दोन तालुक्यांत सर्वाधिक नुकसान होण्याचा धोका येथेच आहे, कारण शाळेबाबत जागरूक असलेला पालकही बारावीनंतर नोकरीच्या आशेने मान्यताप्राप्त संस्थांची यादी न पाहता पैसे भरतो. मान्यताप्राप्त पदविकेचे मात्र तसे नाही: तंत्रशिक्षण मंडळाची अभियांत्रिकी पदविका पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेत गुणवत्तेनुसार थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो.

आदिवासी पट्ट्यातील पालकांना मुद्दाम सांगावयास हवे की घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या शासकीय आश्रमशाळा मान्यताप्राप्त असून त्यांतील मुले राज्य मंडळाचीच परीक्षा देतात, तेव्हा त्यांचे गुणपत्रक शहरातल्या मुलाच्या गुणपत्रकापेक्षा कणभरही कमी नाही. दुसऱ्या मंडळातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला मात्र स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि त्याचा प्रवेश पात्रता निश्चित होईपर्यंत तात्पुरता राहतो, म्हणून ते प्रमाणपत्र निकाल लागताच मागवून ठेवावे आणि दाखला, गुणपत्रक व आधार यांवरील नावाचे अक्षरलेखन त्याच वेळी एकसारखे करून घ्यावे.