जुनी लहान मोटार घेतांना : हातगियर कीं ऑटोमॅटिक ?

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांचें घर दोन ठिकाणीं नांदत असतें. एक शेताच्या बांधाला आणि दुसरें मुंबईंत. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांनीं कोंकणांतील व घाटावरील माणसें पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे ओढून घेतलीं. १९८२ सालच्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. परंतु चाळींतलीं बिऱ्हाडें आणि गांवाकडची जमीन यांचा संबंध अद्याप सुटलेला नाहीं. अशा कुटुंबांत हंगाम बरा गेला म्हणजे एखादी जुनी लहान मोटार घ्यावी असा विचार निघतो. तिनें एरवीं दादर-गिरगांवच्या रहदारींतून म्हाताऱ्या माणसांस दवाखान्यांत न्यावें आणि गणपतीस किंवा शिमग्यास सर्वांना घेऊन गांवीं यावें, एवढीच अपेक्षा असते. परंतु रक्कम थोडी नसते. कोणाच्या आंब्याची, कोणाच्या उसाची सबंध वर्षाची शिल्लक तींत जाते.

या खरेदींत हल्लीं पहिला वाद पडतो तो गियरचा. मुंबईंतला मुलगा म्हणतो, ऑटोमॅटिक घेऊं. गांवाकडचे वडील म्हणतात, हाताच्या गियरसारखी खात्रीची वस्तु नाहीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें आहे. म्हणून हा विचार पायरीपायरीनें करणें इष्ट होय.

गियरचें काम

ज्यानें रहाट चालतांना पाहिला आहे त्यास गियर निराळा शिकवावा लागत नाहीं. बैल गोल फिरतो, आडव्या चक्राचे दांते उभ्या चक्राच्या दांत्यांत अडकतात आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येते. लहान चक्रानें मोठें चक्र फिरविलें तर वेग घटतो व जोर वाढतो. मोठ्यानें लहान फिरविलें तर उलट होतें. उभी गाडी हलवितांना किंवा चढावर जोर हवा, म्हणून पहिला-दुसरा गियर. सपाट रस्त्यावर वेग हवा, म्हणून चौथा-पांचवा. गियर बदलतांना इंजिन व चाकें यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तें काम क्लच करतो. ट्रॅक्टर चालविणाऱ्यांच्या हें अंगवळणीं पडलेलें आहे, आणि क्लचवर पाय ठेवून नांगरणी करणाऱ्याची क्लचप्लेट किती लवकर जळते हेंही त्यांस ठाऊक आहे.

मुंबईंत पुष्कळ वर्षें हातगियरचेंच राज्य होतें. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत गियरची दांडी बहुधा स्टिअरिंगच्या खांबाला असे. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. डिसेंबर १९८३ पासून लोकांच्या हातीं आलेली मारुती ८०० हीही हातगियरचीच. तिचें उत्पादन २०१४ च्या आरंभीं थांबलें. त्यामुळें हातगियर दुरुस्त करणारे हात गल्लोगल्लीं तयार झाले, आणि हें त्या गियरचें मोठें भांडवल आहे.

ऑटोमॅटिकचे तीन वाण

बियाणें घेतांना आपण नुसतें भात मागत नाहीं, वाण विचारतों. ऑटोमॅटिकचेंही तसेंच आहे. जुन्या लहान गाड्यांत मुख्यत्वें तीन प्रकार आढळतात.

पहिला तेलाचा, ज्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे तेलांत बुडालेले असतात; एक फिरला म्हणजे तेलाच्या रेट्यानें दुसरा फिरतो. येथें पायाचा क्लच नाहीं. अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९३९ मध्यें, १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांकरितां जो पूर्ण स्वयंचलित गियर काढला, त्यांतही जोर तेलाच्याच द्वारें पुढें जात असे. आपल्याकडील जुन्या सँट्रो झिंग, आय-टेन व होंडा ब्रिओ यांच्या ऑटोमॅटिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर सांपडतो. चाल अत्यंत मऊ. पण जुन्या तीन-चार गियरांच्या पेट्या पेट्रोल कांहींसें अधिक खातात, आणि पेटी बिघडली तर ती उघडणारा कारागीर कोपऱ्यावर मिळत नाहीं.

दुसरा पट्ट्याचा, म्हणजे सी.व्ही.टी. पिठाच्या गिरणींत जसा कप्प्यांवरून पट्टा फिरतो तसाच येथें पोलादी पट्टा दोन कप्प्यांवरून फिरतो. फरक इतकाच कीं कप्प्या रुंद-अरुंद होऊं शकतात, म्हणून गियरच्या पायऱ्याच उरत नाहींत. हॉलंडच्या डाफ कंपनीनें १९५८ मध्यें रबरी पट्ट्याची अशी लहान मोटार पुढें आणली. आपल्याकडे २०१५ च्या होंडा जॅझमध्यें हा प्रकार मिळतो. पट्टा घसरूं लागला म्हणजे खर्च भारी.

तिसरा ए.एम.टी. यांत पेटी व क्लच हातगियरचेच असतात. मात्र क्लच दाबणें व गियर पाडणें हें काम यंत्राचा गडी करतो. २०१४ मध्यें मारुती सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्या देशांतील स्वस्त गाड्यांत आला; नंतर अल्टो के-टेन, वॅगन-आर व नॅनो यांतही आला. सेलेरिओच्या दोन्ही प्रकारांस कंपनीनें लिटरला २३.१ किलोमीटर हाच प्रमाणित आकडा दिला होता, यावरून पेट्रोलची नासाडी नाहीं हें दिसतें. दोष हा कीं गियर बदलतांना गाडी किंचित् अडखळते.

मुंबईचा रस्ता काय मागतो ?

गिरगांवाहून ऑपेरा हाऊस, भायखळा, लालबाग, परळ, हिंदमाता असें करीत दादरास जाणारी गाडी अंतर थोडें तोडते, पण थांबते पुष्कळ वेळां. प्रत्येक थांब्यास डावा पाय क्लचवर जातो. गणपतीच्या दिवसांत लालबागेंतून जाणाऱ्यास तर पहिल्या गियरच्या पुढें जाण्याचा प्रसंगच क्वचित् येतो. तरुणास हें कांहींच वाटत नाहीं. परंतु गुडघे झिजलेल्या माणसास किंवा कंबरेचें दुखणें असणाऱ्यास ही शिक्षाच होय. अशा घरांत ऑटोमॅटिकला चैन म्हणूं नये. ती पाठीवरच्या पंपाऐवजीं मोटारपंप घेण्यासारखी गरज आहे. चालविण्याचा परवाना मोटारीपुरता दोहोंसही एकच असतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडच्या चढावर गाड्यांची रांग लागली असतां ए.एम.टी. गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरूं नये. आंतला क्लच अर्धवट सुटलेला राहतो व जळतो. ब्रेक लावूनच थांबावें आणि निघतांना हातब्रेकचा आधार घ्यावा. दुसरें असें कीं, ऑटोमॅटिकमध्यें ब्रेक व ॲक्सिलरेटर या दोहोंसाठीं उजवाच पाय वापरावा. डावा पाय मोकळा राहिला म्हणून ब्रेकवर ठेवण्याची संवय लागली, तर घाबरल्या वेळीं भलतेंच दाबलें जातें. समोर शाळेचीं मुलें असतील तर काय होईल तें सांगणें नलगे.

पाणी व दुरुस्ती

हिंदमात्याचें पाणी मुंबईकरांस जुनें आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्या पुरांत असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यांत उभी राहिलेली हातगियरची गाडी बहुधा तेल बदलून, ब्रेक व क्लच साफ करून मार्गीं लागते. ऑटोमॅटिकच्या तेलांत पाणी शिरलें तर तेल दुधट होतें व पेटी आंतून खराब होते, ए.एम.टी.च्या विजेच्या भागांसही ओल बाधते. म्हणून पुरांतून निघालेली ऑटोमॅटिक कितीही स्वस्त मिळो, ती घेऊं नये.

परळांतील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं दहा वर्षें वापरलेली तेलाची ऑटोमॅटिक घेतली. विकणाऱ्या दलालानें सांगितलें कीं, या पेटीचें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं. दुसऱ्या पावसाळ्यांत गाडी पुढें सरकेना. दुरुस्तीचा अंदाज आला तो गाडीच्या किंमतीच्या निम्म्याच्या घरांत. गांवीं भात कापणीस आलेलें, मजुरांचे पैसे द्यावयाचे, आणि इकडे ही गाडी गल्लींत उभी. ठराविक मुदतीनें बदललेलें तेल हाच ऑटोमॅटिकचा प्राण होय, हें त्या दलालास ठाऊक नसेल असें नाहीं.

घाट आणि गांव

गांवाकडे दुसराच हिशेब लागतो. बॅटरी बसली तर हातगियरची गाडी चार माणसांनीं ढकलून, दुसऱ्या गियरमध्यें क्लच सोडून सुरू होते. ऑटोमॅटिकला हा धक्का लागू पडत नाहीं. ए.एम.टी. गियरमध्यें उभी असतां बॅटरी बसली तर बहुधा गियर सुटत नाहीं, म्हणून ती ढकलणेंही कठीण. बंद ऑटोमॅटिक दोरीनें ओढून नेऊं नये. ज्या चाकांस इंजिन फिरवितें तीं उचलून किंवा सबंध गाडी ट्रकवर चढवून न्यावी.

घाट उतरतांना जुना नियम दोहोंसही लागू आहे : ज्या गियरनें चढाल त्याच गियरनें उतरा. ऑटोमॅटिकवाल्यानें दांडी डी वर ठेवून नुसत्या ब्रेकवर आंबा घाट उतरूं नये. खालच्या गियरची खूण असेल तेथें दांडी न्यावी, ए.एम.टी.त हातानें गियर बदलण्याची सोय असते ती वापरावी. ब्रेक तापून निकामी झाल्यावर शिकण्याची ही गोष्ट नव्हे.

खरेदीपूर्वींची तपासणी

जमीन घेतांना आपण सात-बारा पाहतों, फेरफार पाहतों आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे कीं काय हें पाहतों. मोटारीचेंही तसेंच करावें.

१. नोंदणीपुस्तकांत बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला व फॉर्म ३५ घेऊन तो उतरविल्यावांचून पैसे देऊं नयेत.

२. नोंदणीची तारीख पाहावी. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व तपासणीनंतर पांच-पांच वर्षांनीं वाढवून मिळते. त्या वेळीं फी व पर्यावरण कर भरावा लागतो.

३. हातगियर : हातब्रेक घट्ट ओढून, समोर माणूस नाहीं असें पाहून, तिसऱ्या गियरमध्यें क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडलें तर क्लच ठीक. फिरतच राहिलें तर प्लेट झिजलेली आहे असें समजावें.

४. तेलाची ऑटोमॅटिक : थंड इंजिनावर ब्रेक दाबून दांडी डी व आर वर न्यावी. गियर विलंबानें लागला किंवा धक्का बसला तर सोडून द्यावी. तेल काळवंडलेलें व करपलेल्या वासाचें असेल तरीही तसेंच.

५. ए.एम.टी. : अर्धा तास गर्दींत व चढावर चालवून पाहावी. मध्येंच न्यूट्रलमध्यें पडत असेल तर किंमत करूंच नये.

६. तेल बदलल्याच्या पावत्या मागाव्या. पावती नाहीं म्हणजे तेल बदललें नाहीं, असेंच धरून चालावें.

निर्णय कसा करावा ?

एका कागदावर वर्षाचे दिवस मांडावे. गाडी किती दिवस मुंबईंत चालणार व किती दिवस गांवीं, ती कोण चालविणार, आणि ती बंद पडली तर जवळ कोणता कारागीर आहे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. गाडी दहा वर्षांहून जुनी असून गांवाची ये-जा पुष्कळ असेल, तर हातगियरच घ्यावा. क्लचप्लेट हा झिजणारा भाग आहे, पण तो कोठेंही बदलून मिळतो आणि त्याचा खर्च आधीं अजमावतां येतो. गाडी बहुतेक शहरांतच राहणार आणि चालविणाऱ्याचे पाय दुखरे असतील, तर पावत्या असलेली ए.एम.टी. हा मधला मार्ग बरा. पेटी ओळखीची व पेट्रोलही आटोक्यांत. तेलाची ऑटोमॅटिक पहिल्याच मालकानें नीट ठेवलेली मिळाली तरच घ्यावी. आणि पूर्ववृत्त न कळलेल्या जुन्या सी.व्ही.टी.च्या वाटेस जाऊं नये.

शेवटीं एक सूचना. ज्याच्या पायानें गाडी चालावयाची आहे त्यास विचारल्यावांचून घरांतील इतरांनीं निर्णय करूं नये. आणि ज्याच्या शेताच्या पैशानें ती यावयाची आहे त्यास दुरुस्तीचा संभाव्य खर्च आधीं सांगितल्यावांचून मुंबईंतल्या मुलानें बयाणा देऊं नये. एवढें पथ्य पाळल्यास गाडी कोणतीही येवो, तिच्यापायीं पुढच्या हंगामाचें बीं-खत अडणार नाहीं.